अंतकाळाचा अनुक्रम

जगाचा एके दिवशीं अंत होणार, येशू ख्रिस्त पुन्हा येणार, मेलेले उठणार आणि सर्वांचा न्याय होणार, या गोष्टींविषयीं ख्रिस्ती धर्माच्या जुन्या पंथांत फारसा मतभेद नाहीं. भांडण आहे तें यांत आधीं काय आणि मागून काय, याविषयीं. बाहेरच्या माणसाला हा वाद मोठा विचित्र वाटतो. लग्नाची तिथि ठरलेली नसतांना वऱ्हाड कोणत्या वाटेनें येईल यावरून घरांतल्या माणसांनीं अबोला धरावा, तसा हा प्रकार दिसतो. परंतु या अनुक्रमापायीं माणसांनीं चालते व्यवसाय सोडले, शाळा काढल्या, समुद्र ओलांडले. आणि एका प्रसंगीं तर पंथापंथांतील भिंती पाडण्यासाठींच जी मंडळी जन्मास आली होती ती स्वतःच दुभंगली. तो प्रसंग इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील प्लिमथ या बंदरांत १८४५ ते १८४८ या वर्षांत घडला. त्याची हकीकत समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें.

पुराणांतील काळ चक्रासारखा फिरतो. कलियुग संपलें कीं पुन्हा कृतयुग आहेच; तेथें आधीं-मागें हा प्रश्न निकरावर येण्याचें कारण पडत नाहीं. ख्रिस्ती काळ बाणासारखा सरळ जातो. त्यांतील प्रत्येक गोष्ट एकदांच घडावयाची, म्हणून आपण त्या बाणाच्या मार्गावर नेमके कोठें उभे आहोंत हा प्रश्न श्रद्धावंताला जिव्हाळ्याचा वाटतो.

वादाचें मूळ बायबलाच्या अखेरच्या पुस्तकांत, म्हणजे प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायांत आहे. सैतानाला हजार वर्षें बांधून ठेवण्यांत येईल, त्या अवधींत धर्मासाठीं प्राण दिलेले साधुजन ख्रिस्ताबरोबर राज्य करतील, मग सैतान थोडा वेळ सुटेल, अखेरची लढाई होईल आणि नंतर न्याय होईल, असें तेथें वर्णन आहे. हीं हजार वर्षें खरीं कीं लाक्षणिक? आणि ख्रिस्त यावयाचा तो त्या हजार वर्षांच्या आधीं कीं नंतर? दुसऱ्या शतकांतील जस्टिन व इरेनियस यांनीं तीं वर्षें अक्षरशः घेतलीं. मात्र पुष्कळ सच्चे ख्रिस्ती लोक आपल्या मताचे नाहींत, हेंही जस्टिननें मोकळेपणानें नमूद करून ठेवलें आहे. हा मोकळेपणा पुढें फारसा टिकला नाहीं. पांचव्या शतकांत ऑगस्टीननें आपल्या ‘ईश्वराची नगरी’ या ग्रंथांत निराळाच निकाल दिला. हजार वर्षें म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या आगमनापासून चाललेला मंडळीचाच काळ होय. निराळें राज्य पुढें यावयाचें राहिलेलें नाहीं. हा निकाल पश्चिमेकडील मंडळीनें हजार वर्षांहून अधिक काळ मानला, आणि प्रॉटेस्टंट सुधारणेच्या मुख्य पुढाऱ्यांनींही त्यास हात लावला नाहीं.

अठराव्या शतकांत वारा फिरला. डॅनियल व्हिट्बी या इंग्रज पाद्र्यानें १७०३ सालीं प्रसिद्ध केलेल्या भाष्यांत असें मांडलें कीं, सहस्रवर्षांचें राज्य पुढें यावयाचें आहे खरें, पण तें सुवार्तेच्या प्रसारानें हळूहळू येईल, आणि तें संपल्यावर ख्रिस्त येईल. अमेरिकेंतील जोनाथन एडवर्ड्स यानें हीच आशा उचलून धरली आणि १७४७ सालीं त्या राज्यासाठीं निरनिराळ्या देशांतील ख्रिस्ती लोकांनीं एकजुटीनें प्रार्थना करावी, असें आवाहन छापलें. या अनुक्रमांत माणसाच्या हाताला काम आहे. जग सुधारावयाचें, धर्म पसरावयाचा, आणि मग धन्याचें आगमन.

या धाग्याचें एक टोंक थेट मुंबईंत येऊन पोंचतें. एडवर्ड्सच्या शिष्यपरंपरेंतील लोकांच्या उत्साहांतून १८१० सालीं अमेरिकेंत परदेशीय मिशनांसाठीं एक मंडळ निघालें, आणि त्याचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले. तेंच पुढें अमेरिकन मराठी मिशन म्हणून प्रसिद्धीस आलें. हॉल व त्याचा सहकारी सॅम्युएल न्यूवेल यांनीं लिहिलेली एक पुस्तिका १८१८ सालीं अमेरिकेंत छापली गेली. जगांत सुवार्ता न पोंचलेले साठ कोटि लोक आहेत, त्यांच्यासाठीं किती मिशनरी लागतील, याचा रोखठोक हिशेब तींत मांडला आहे. जगाच्या उद्धाराचें असें अंकगणित ज्याला करतां येतें, त्याच्या मनांत काळ भरपूर शिल्लक असला पाहिजे. याच मिशननें मुंबईंत छापखाना चालविला, मराठींत पुस्तकें काढलीं आणि १८२४ सालीं हिंदु मुलींसाठीं शाळा उघडली. मुळाक्षरें गिरविणाऱ्या त्या मुलींना आपण कोणाच्या भविष्यगणितांतील आंकडा आहोंत याची गंधवार्ताही नसेल.

परंतु युरोपांत ही सुधारणेची आशा एव्हांना डळमळूं लागली होती. फ्रान्समध्यें १७८९ सालीं क्रांति झाली, राजाचें डोकें उडालें, आणि १७९८ च्या फेब्रुवारींत फ्रेंच सेनापति बर्थियर यानें रोम घेऊन खुद्द पोपास कैद केलें. भविष्यवाणीचा अभ्यास करणाऱ्या प्रॉटेस्टंट पंडितांना हा साक्षात् पुरावाच वाटला. प्रकटीकरणांतील १२६० दिवस म्हणजे १२६० वर्षें, तीं पोपाच्या सत्तेचीं, आणि त्यांचा आरंभ इ. स. ५३८ मध्यें धरला तर अखेर बरोबर १७९८ मध्यें येते! घड्याळ चालूं आहे आणि कांटा बाराच्या जवळ आला आहे, अशी भावना पसरली. मात्र त्या घड्याळाचे टोले सुधारणेचे नव्हते, उलथापालथीचे होते. मग ख्रिस्ताचें आगमन हजार वर्षांच्या सुवर्णकाळानंतर कसें? जग बिघडत जाईल, ख्रिस्त अकस्मात् येईल आणि सुवर्णकाळ त्याच्या हातूनच सुरू होईल, असें जुनें मत पुन्हा डोकें वर काढूं लागलें.

हेन्री ड्रमंड नांवाच्या श्रीमंत पेढीवाल्यानें १८२६ पासून सरे परगण्यांतील आपल्या आल्बरी येथील वाड्यांत अशा अभ्यासकांच्या बैठका भरविल्या. त्यांतील सर्वांत तेजस्वी वक्ता स्कॉटलंडचा एडवर्ड अर्व्हिंग. चिली देशांत जन्मलेला आणि इटलींत हद्दपारींत मेलेला मानुएल लाकुन्सा नांवाचा एक जेझुइट होता. त्यानें ज्यू पंडिताचें टोपणनांव घेऊन ख्रिस्ताच्या पुनरागमनावर स्पॅनिश भाषेंत एक मोठा ग्रंथ लिहिला होता. रोमचा कट्टर विरोधक असलेल्या अर्व्हिंगनें त्या रोमन कॅथलिक साधूचा ग्रंथ स्वतः इंग्रजींत उतरवून १८२७ सालीं प्रसिद्ध केला. त्या बैठकींत बव्हेरियांतील ज्यू घराण्यांत जन्मलेला जोझेफ वुल्फ हाही असे. हा अवलिया बुखारा-काबूलकडून हिंदुस्थानांत उतरला आणि १८३३ सालीं मुंबईसही येऊन गेला. ख्रिस्त १८४७ सालीं येणार, असें त्यानें जाहीर केलें होतें. तें साल उलटलें आणि वुल्फ पुढें १८६२ पर्यंत जगला. अमेरिकेंत विल्यम मिलर नांवाच्या शेतकऱ्याच्या गणितावरून त्याच्या अनुयायांनीं १८४४ च्या २२ ऑक्टोबरची रात्र जागून काढली. सकाळीं सूर्य नेहमींप्रमाणें उगवला. तारीख सांगणाऱ्याचा पराभव असा उघड होतो. अनुक्रम सांगणाऱ्याचा कधींच होत नाहीं, आणि त्याचें वजन टिकतें तें याचमुळें.

अनुक्रम सांगणाऱ्यांत अग्रगण्य ठरला तो जॉन नेल्सन डार्बी. १८०० सालीं जन्मलेला हा आयरिश घराण्यांतील मनुष्य डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचा सुवर्णपदकविजेता. वकिलीची सनद घेतली आणि लागलीच सोडून पाद्री झाला. विक्लो परगण्याच्या डोंगरांत तो गरिबांमध्यें अर्धपोटीं, फाटक्या वस्त्रांनीं हिंडे. १८२७ सालीं घोड्याच्या अपघातांत पाय दुखावल्यामुळें तो डब्लिनला बहिणीच्या घरीं अंथरुणास खिळला. तेथें यशया वाचतां वाचतां त्याच्या मनांत असा विचार आला कीं, बायबलांतील ऐहिक राज्याचीं वचनें इस्रायल लोकांचीं आहेत. ख्रिस्ती मंडळी ही निराळीच, स्वर्गीय वस्तु आहे. पुढील साऱ्या वादाचें बीज हेंच.

त्याच घरांत मुलांना शिकविण्यासाठीं फ्रान्सिस न्यूमन हा ऑक्सफर्डचा तरुण पदवीधर राहिला होता. पुढें कार्डिनल झालेल्या जॉन हेन्री न्यूमनचा हा धाकटा भाऊ. त्यानें १८५० सालीं लिहिलेल्या आत्मवृत्तांत नांव न घेतां डार्बीचें जें चित्र काढलें आहे तें विसरण्याजोगें नाहीं. खोल गेलेले गाल, लाल डोळे, कुबडीवर पेललेलें अंग, आणि त्या देहांतून वाहणारी विलक्षण हुकमत. एकदां न्यूमननें त्याला विचारलें कीं, पौलाच्या एका पत्रांत त्रोवसास राहिलेला झगा आणि चर्मपत्रें घेऊन ये, असा निरोप आहे. तेवढें वाक्य बायबलांत नसतें तर आपलें काय बिघडलें असतें? डार्बी तात्काळ म्हणाला कीं, माझें तरी खासच बिघडलें असतें. त्या वाक्यामुळेंच मीं माझीं थोडकीं पुस्तकें विकलीं नाहींत. अशा माणसाशीं वाद घालणें सोपें नसे.

याच न्यूमननें अनुक्रमाच्या प्रश्नांतील खरी मेख ओळखली होती. ख्रिस्त आज रात्रीं येऊं शकतो आणि त्यापूर्वीं घडावयाचें कांहींच उरलेलें नाहीं, हें एकदां मनापासून मानलें कीं गणित, कायदा, राज्यकारभार, पुढच्या पिढीसाठीं लावावयाचीं झाडें या सर्वांवरून माणसाचें लक्ष उडतें. विद्येंत आयुष्य घालवावें या न्यूमनच्या इच्छेचीच त्यानें मुळें हालविलीं. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांचा अनुक्रम शाळा बांधावयास सांगत होता. डब्लिनचा अनुक्रम बिऱ्हाड बांधून तयार राहावयास सांगत होता.

डब्लिनमध्यें त्याच सुमारास कांहीं मंडळी कोणत्याही पाद्र्यावांचून, कोणत्याही पंथाची पाटी न लावतां एकत्र जमून भाकर मोडूं लागली होती. भाकर मोडणें म्हणजे ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाची आठवण पाळणें. कोणाबरोबर भाकर मोडतां येते यावरच पंथांच्या भिंती उभ्या असतात. जो ख्रिस्ताचा तो आमचा, एवढीच अट या मंडळीनें ठेविली. ही कल्पना बोलून दाखविणाऱ्यांत पुढें होता एक्झीटर गांवचा दंतवैद्य अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज. यानें किफायतीचा व्यवसाय सोडून १८२९ सालीं बायकामुलांसह बगदादचा रस्ता धरला. १८३१ सालीं त्या शहरांत प्लेग आणि पूर हे दोन्ही एकदम आले. ग्रोव्ह्जची पत्नी आणि तान्ही मुलगी त्या वर्षीं वारली. न्यूमनही पुढें बगदादला त्याला जाऊन मिळाला. ग्रोव्ह्ज १८३३ सालीं मुंबईस उतरला आणि दक्षिणेंत तिरुनेलवेलीपर्यंत फिरला; गोदावरीच्या मुखाशीं व चित्तूरकडे त्याच्या प्रेरणेनें कामें उभीं राहिलीं. ख्रिस्ताच्या आगमनाची आतुरतेनें वाट पाहणाऱ्या या गृहस्थानें चित्तूरास मिशनच्या निर्वाहासाठीं तुतीची लागवड आणि रेशमाचा धंदा काढला, आणि त्यांत तो बुडाला. मनुष्य एका अनुक्रमावर विश्वास ठेवतो आणि पुष्कळदां दुसऱ्यावर चालतो.

इकडे आयर्लंडांत तरुण विधवा लेडी पॉवर्सकोर्ट हिनें १८३१ पासून आपल्या विक्लो परगण्यांतील वाड्यांत आल्बरीच्या धर्तीवर बैठका सुरू केल्या. प्रश्न आगाऊ छापून वांटले जात. १२६० हे दिवस कीं वर्षें? ख्रिस्तविरोधी ही एक व्यक्ति कीं सत्ता? पॉवर्सकोर्टच्या या दिवाणखान्यांत डार्बी आणि प्लिमथहून आलेला बेंजामिन विल्स न्यूटन हे समोरासमोर आले. न्यूटन १८०७ चा. ऑक्सफर्डच्या एक्झीटर कॉलेजचा फेलो, नेमका, काटेकोर, आणि डार्बीइतकाच आपल्या मताला चिकटणारा. दोघेही ख्रिस्त सहस्रवर्षांपूर्वीं येणार असें मानीत. फरक पडला तो आणखी बारीक ठिकाणीं.

त्या आगमनाच्या आधीं पृथ्वीवर एक महासंकट यावयाचें आहे, ख्रिस्तविरोधी राज्य करणार आहे, हें दोघांनाही मान्य होतें. प्रश्न असा कीं, त्या संकटांत ख्रिस्ती मंडळी पृथ्वीवर असेल कीं नसेल? दानीएलाच्या पुस्तकांत सत्तर सप्तकांचें, म्हणजे ४९० वर्षांचें भविष्य आहे. डार्बीच्या मतें त्यांतील एकूणसत्तर सप्तकें झालीं, आणि मशीहाला इस्रायलनें नाकारल्यामुळें घड्याळ थांबलें. तेव्हांपासूनचा सारा ख्रिस्ती इतिहास हा कंसांत घातलेला मजकूर. एके क्षणीं ख्रिस्त मेघांपर्यंत येईल आणि आपल्या खऱ्या अनुयायांना पृथ्वीवरून उचलून घेईल. मग घड्याळ पुन्हा चालूं होईल, उरलेलीं सात वर्षें आणि तें संकट इस्रायलवर व जगावर कोसळेल. आणि अखेर ख्रिस्त आपल्या साधुजनांसह पृथ्वीवर उतरून राज्य करील. आगमन एक, पण पायऱ्या दोन. तारखा मोजणाऱ्यांच्या फजितीपासून या युक्तीनें डार्बी सुटला, कारण थांबलेल्या घड्याळावरून वेळ विचारतां येत नाहीं.

न्यूटनला हें मुळींच पटलें नाहीं. संकट आधीं, आगमन मागून, आणि आगमन एकच, असा त्याचा क्रम. थेस्सलनीकाकरांस पौलानें लिहिलेल्या पहिल्या पत्रांत विश्वासी लोक प्रभूला अंतराळांत भेटण्यासाठीं उचलले जातील असें आहे, त्यावर दोन्ही पक्षांची मदार. त्या ठिकाणच्या ग्रीक शब्दाचा अर्थ या वादांत फार चघळला गेला. मराठींत त्याला ‘सामोरें जाणें’ हा नेमका शब्द आहे. मोठा पाहुणा येतो तेव्हां गांवकरी वाजतगाजत वेशीपर्यंत सामोरे जातात, पण तेथूनच पाहुण्याबरोबर परगांवीं निघून जात नाहींत. त्याला घेऊन गांवांतच परततात. पौल स्वतः रोमला चालला असतां तेथील बंधु त्याला असेच वाटेंत सामोरे आले होते, आणि तेथेंही तोच शब्द आहे. न्यूटनच्या क्रमाला हा दाखला अनुकूल आहे, हें कबूल केलें पाहिजे. डार्बीपक्षाचा प्रतिप्रश्नही मात्र दुबळा नाहीं. आगमनापूर्वीं अमुक घडणारच असें ठरलेलें असेल, तर ‘आज रात्रीं’ या आशेचा अर्थ काय उरला?

न्यूटनची मुख्य हरकत आणखी खोल होती. संकटाविषयींचीं मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायांतील ख्रिस्ताचीं वचनें मंडळीसाठीं नसून भावी ज्यू अवशेषासाठीं आहेत, असें डार्बीला म्हणावें लागे. मग शुभवर्तमानाचीं पानें कोणाचीं आणि कोणाचीं नाहींत, हें वांटावयास कोणाला बसवावयाचें? न्यूटनला यांत ख्रिस्ती धर्माचा पायाच उसवतांना दिसला. डार्बीला न्यूटनच्या मतांत स्वर्गीय मंडळी पुन्हा मातींत ओढली जातांना दिसली. दोघांनाही क्षुल्लक गोष्टीवरून भांडल्याचा दोष देतां येत नाहीं. त्यांच्या दृष्टीनें कांहींच क्षुल्लक नव्हतें.

ही उचलून घेण्याची कल्पना डार्बीला कोठून मिळाली, यावरही पुढें वाद माजला. न्यूटनचा नातलग व मोठा ग्रीक पंडित सॅम्युएल ट्रेगेलिस यानें १८६४ सालीं असें लिहिलें कीं, अर्व्हिंगच्या मंडळींत कोणी अंगांत आल्याप्रमाणें बोललें, त्यांतून ती निघाली. इतर कोणी १८३० च्या सुमारास पोर्ट ग्लासगो येथें दृष्टान्त पाहणाऱ्या मार्गारेट मॅकडॉनल्ड या आजारी मुलीकडे बोट दाखवितात. तिच्या दृष्टान्ताचा लेख वाचला तर त्यांत डार्बीची नीटस मांडणी आढळत नाहीं. अंथरुणावर यशया वाचणाऱ्या वकिलाला तेवढी मांडणी स्वतः करणें अवघड नव्हतें.

प्लिमथची मंडळी दरम्यान वाढत होती. पर्सी हॉल नांवाच्या आरमारी कप्तानानें धर्मासाठीं आपली सनद परत केली आणि तो तेथें उपदेश करूं लागला. लोकांनीं दागिने, गालिचे, चांदीचीं भांडीं आणून दिलीं. १८४० सालीं एब्रिंग्टन स्ट्रीटवर मोठें प्रार्थनागृह झालें आणि सभासद हजाराच्या घरांत गेले. बाहेरचे लोक या पंथाला ‘प्लिमथ ब्रदरन’ म्हणूं लागले, तें याच भरभराटीमुळें. डार्बी स्वित्झर्लंडकडे हिंडत असे. प्लिमथांत न्यूटन शिकवी, आणि त्याचीं भविष्यविषयक पत्रें हातानें नकलून गांवोगांवीं पाठविलीं जात. प्रकटीकरणावरील त्याचे विचार १८४४ पर्यंत पुस्तकरूपानें बाहेर आले. त्यांत डार्बीच्या क्रमाला उघड विरोध होता.

ग्रोव्ह्जला या दुखण्याची चाहूल फार आधीं लागली होती. हिंदुस्थानास परततांना १८३६ च्या मार्चमध्यें त्यानें डार्बीला एक पत्र लिहिलें. तुम्ही ज्याच्यासाठीं उभे आहांत त्यापेक्षां ज्याच्याविरुद्ध उभे आहांत त्यावरूनच लवकर ओळखले जाल; मतांची एकवाक्यता हीच संगतीची अट होऊन बसेल; आणि दुसऱ्यांच्या चांगल्यापासून तुटण्यापेक्षां त्यांचें चुकीचें सोसणें मला अधिक पसंत आहे, असा त्या पत्राचा आशय. या साऱ्या प्रकरणांत याहून शहाणपणाचा कागद सांपडणार नाहीं. डार्बीवर त्याचा परिणाम झाला नाहीं.

स्वित्झर्लंडच्या व्हो प्रांतांत १८४५ च्या आरंभीं राज्यक्रांति झाली आणि डार्बी इंग्लंडास परतून प्लिमथला आला. न्यूटन एकट्याची सत्ता चालवितो, इतर बंधूंना बोलूं देत नाहीं, मंडळीला आपल्या मताचा पंथ बनवितो, असे त्याचे आरोप होते. त्यांत तथ्य अगदींच नव्हतें असें नाहीं. न्यूटनला विरोध सोसत नसे. पण ते आरोप करणाऱ्यालाही तो सोसत नसे. २६ ऑक्टोबर १८४५ रोजीं डार्बीनें भर सभेंत आपण वेगळे होत असल्याचें जाहीर केलें, आणि डिसेंबरांत रॅले स्ट्रीटवरील जुन्या जागीं निराळें मेज मांडून भाकर मोडण्यास सुरुवात केली. एकाच गांवांत, कांहीं मिनिटांच्या अंतरावर, एकमेकांना पंथभेदाचा दोष देणारीं दोन मेजें!

१८४७ सालीं प्रकरणानें दुसरेंच वळण घेतलें. न्यूटननें सहाव्या स्तोत्रावर दिलेल्या एका व्याख्यानाचीं कोणी घेतलेलीं टिपणें विरुद्ध पक्षाच्या हातीं पडलीं आणि छापलीं गेलीं. ख्रिस्त मनुष्य व इस्रायली म्हणून जन्मला, म्हणून त्या जातीवरील दैवी कोपाची छाया क्रूसाच्या आधींही त्याच्यावर होती, असा कांहींसा त्यांचा रोख होता. हें तर ख्रिस्ताच्या निष्कलंकत्वालाच बाध आणणारें झालें. न्यूटननें २६ नोव्हेंबर १८४७ रोजीं चुकी कबूल करणारें पत्रक काढलें आणि पुढच्या महिन्यांत प्लिमथ कायमचें सोडलें. तेव्हां केवळ अनुक्रमावरून फूट पडली असें म्हणणें अन्यायाचें होईल. न्यूटनला अखेर पाडलें तें ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयींच्या चुकीनें. पण तीं टिपणें इतक्या तत्परतेनें शोधलीं, तपासलीं आणि छापलीं गेलीं, तीं आधींच्या दहाबारा वर्षांच्या वितुष्टामुळें. आणि चुकी कबूल केल्यावरही डार्बी थांबला नाहीं.

ब्रिस्टलच्या बेथेस्डा मंडळीनें १८४८ सालीं न्यूटनच्या सभेंतून आलेल्या कांहीं लोकांना, त्यांचीं स्वतःचीं मतें तपासून, भोजनास घेतलें. बेथेस्डाचा पुढारी जॉर्ज म्युलर हा ग्रोव्ह्जचा मेहुणा, आणि कोणापाशीं पैसा न मागतां शेंकडों पोरक्या मुलांना पोसणारा म्हणून विख्यात झालेला. डार्बीनें ऑगस्टांत परिपत्रक काढलें कीं, बेथेस्डाशीं जो संबंध ठेवील त्याच्याशींही आमचा संबंध नाहीं. दोष मानणाऱ्याचा नव्हे, दोष मानणाऱ्याच्या सोबत्याच्या सोबत्याचाही विटाळ! विटाळाच्या अशा साखळ्या ज्या समाजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या, त्या समाजाला हा भाग समजावून सांगण्याची गरज नाहीं. तेव्हांपासून ब्रदरन दोन झाले. डार्बीचे ‘बंद’ आणि म्युलरचे ‘खुले’. पुढच्या वर्षीं डार्बी म्युलरला त्याच्या नव्या अनाथगृहांत भेटावयास गेला. म्युलरच्या मंडळींत सांगितलें जाई तें असें कीं, बेथेस्डानेंही आतां तीं पत्रकें दोषी ठरविलीं, तेव्हां वेगळें राहण्याचें कारण उरलें नाहीं, असें डार्बी म्हणाला. म्युलर उत्तरला कीं, मला एक वाजतां काम आहे, आतां दहाच मिनिटें आहेत, आणि तुमच्या दुष्ट वर्तनाचा विषय दहा मिनिटांचा नव्हे. ते पुन्हा भेटले नाहींत. ग्रोव्ह्ज हिंदुस्थानांतून आजारी होऊन परतला आणि १८५३ सालीं म्युलरच्याच घरीं वारला.

यानंतरची कथा अमेरिकेंतील. १८६२ ते १८७७ या काळांत डार्बी तेथें वरचेवर गेला. अमेरिकनांनीं त्याचा अनुक्रम उचलला, पण आपापलीं चर्चें सोडा हा त्याचा उपदेश मनावर घेतला नाहीं. डार्बीनें ज्या दोन गोष्टी एक मानल्या होत्या त्या अशा वेगळ्या झाल्या. सायरस स्कोफील्ड नांवाच्या माजी वकिलानें १९०९ सालीं ऑक्सफर्डच्या छापखान्यांतून टीपांसह बायबल काढलें. वर देववचन आणि खालीं, त्याच पानावर, डार्बीच्या वळणाचा अनुक्रम. सामान्य वाचकाला वरचें कोठें संपतें आणि खालचें कोठें सुरू होतें हें सांगणें पुढें पुढें कठीण झालें. १९१४ च्या महायुद्धानें सुधारणेच्या मार्गानें सहस्रवर्षांचें राज्य येईल ही जुनी आशा जवळजवळ बुडविली, आणि १९४८ सालीं इस्रायल राष्ट्र पुन्हा उभें राहिल्यावर डार्बीच्या अनुयायांना घड्याळाची टिकटिक ऐकूं येऊं लागली. थांबलेलें घड्याळ म्हणून त्यानें जें दाखविलें होतें, त्याच्याच शिष्यांनीं मग त्यावरून वेळ सांगावयास सुरुवात केली! हॅल लिंडसे याचें १९७० सालचें पुस्तक आणि १९९५ पासून निघालेली लाहे व जेंकिन्स यांची कादंबरीमाला यांच्या लाखों प्रती खपल्या.

न्यूटनचा पक्षही मेला नाहीं. नायगाऱ्याच्या कांठीं १८८३ पासून दर उन्हाळ्यांत भरणारी अमेरिकेंतील भविष्याभ्यासकांची सभा शतक संपतां संपतां मोडली, ती मंडळी संकटाआधीं उचलली जाणार कीं नंतर, याच प्रश्नावर. जॉर्ज लॅड या अमेरिकन प्राध्यापकानें १९५६ सालीं तोच क्रम पुन्हा मांडला. आगमन एक, आणि तें संकटानंतर. स्वतः डार्बी १८८२ सालीं बोर्नमथ येथें वारला. न्यूटन त्यानंतर सतरा वर्षें जगला, ब्याण्णवाव्या वर्षापर्यंत पत्रकें लिहीत राहिला, आणि प्लिमथच्या त्या दोन मेजांपैकीं एकावरही तो पुन्हा बसला नाहीं.